२० मेची तारीख आणि कच्चा मध : जावळी खोऱ्यातल्या एका मधपाळ संघाचे प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात घडले. संघाचे, गावांचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. त्या काळात मी संघाचा सचिव होतो, त्यामुळे यातले काही निर्णय माझेच आहेत.

पार्श्वभूमी

मेढ्याच्या पश्चिमेला डोंगर चढत गेले की एका अंगाला कोयनेचे पाणी लागते आणि दुसऱ्या अंगाला जांभूळ, हिरडा, गेळा, अंजनीचे रान. या पट्ट्यात सातेरी माशीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या, पेट्या जुन्या काळापासून आहेत. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला असल्याने तिथे प्रशिक्षण घेऊन आलेला एखादा तरी माणूस वाडीवाडीत सापडतो. २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. त्यानंतर आमच्या खोऱ्यातही उत्साह आला. मध केंद्र योजनेत निम्मे अनुदान आणि निम्मी स्वतःची रक्कम घालून बऱ्याच जणांनी पेट्या आणल्या आणि आमच्या छोट्या संघाची सभासदसंख्या ३८ वर गेली.

संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला. कामे साधी होती. नव्या सभासदाला माशांची पहिली वसाहत पेटीत भरून द्यायची, पावसाळ्यात माशांच्या साखरपाण्यासाठी साखर एकत्र आणायची, मध काढायचे यंत्र वाडीवाडीत फिरवायचे. एखाद्या शाळेच्या वळचणीला सातेरीचे पोळे बसले तर ते न जाळता पेटीत उतरवायला आमची माणसे जात. या शेवटच्या कामाने संघाला जी पत मिळाली, ती कुठल्या फलकाने मिळाली नसती.

दोन वर्षांपासून आम्ही एक सामाईक लेबल सुरू केले होते. सभासदांनी मध आणून द्यायचा, संघाने तो गाळून, अर्ध्या किलोच्या बाटलीत भरून ३०० रुपयांना विकायचा. त्यातले २१० रुपये सभासदाला, ९० संघाला. अन्नसुरक्षेची नोंदणी होती. लेबलावर बॅच क्रमांकाची जागाही होती. आम्ही प्रत्येक बाटलीवर तिथे ‘१’ लिहीत होतो.

विक्रीचा मोठा दिवस २० मे, जागतिक मधमाशी दिन. डिसेंबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला आणि २०१८ पासून हा दिवस पाळला जातो. आधुनिक मधुमक्षिकापालनाचे आद्य शिक्षक मानले जाणारे स्लोव्हेनियाचे अँटोन यान्शा यांच्या जन्माशी तो जोडलेला आहे. आमच्यासाठी या तारखेचे महत्त्व वेगळे होते. जावळीतली बरीच घरे माथाडी कामासाठी मुंबई-नवी मुंबईत आहेत आणि मे महिन्यात लग्नाला, जत्रेला सगळे गावी येतात. शाळेला सुट्टी असते म्हणून कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात व्हायचा. काचेच्या पेटीत राणीमाशी दाखवली की पोरे तासभर हलत नसत आणि त्यांच्या आया मधाच्या टेबलाशी येत.

मार्चमधला एक छोटा निर्णय

त्या वर्षी मार्चच्या सभेत कार्यक्रमाचे अंदाजपत्रक मांडले. हातात सहा हजार होते. एका तरुण सभासदाने मधातला पाण्याचा अंश मोजायचे रिफ्रॅक्टोमीटर घ्यावे असे सुचवले. अडीच-तीन हजारांत येणारे, मुठीत मावणारे उपकरण. ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे, बोटावर घेतला की कळतो. मंडप आणि ध्वनिक्षेपक आधी, यंत्र पुढच्या वर्षी, असे ठरले. विरोधात एकच हात वर होता. मीही मंडपाच्या बाजूने होतो. दोन मिनिटांत संपलेला हा विषय इतिवृत्तात एका ओळीत आहे, पण पुढचे सगळे त्या ओळीशी येऊन थांबते.

अडचण

मध जमा करायची शेवटची तारीख १६ मे ठेवली होती. गाळणे, निवळणे, भरणे यांना चार दिवस धरले होते. २९ सभासदांनी एकूण १६८ किलो मध आणला. कुणी किलोभर, कुणी पंधरा किलो. नोंदवहीत नाव, वजन आणि जमा केल्याची तारीख लिहिली. मध येईल तसा तो चार मोठ्या कॅनमध्ये ओतत गेलो. कुणाचा कुठल्या कॅनमध्ये गेला हे लिहिले नाही. ३३६ बाटल्या भरल्या. कार्यक्रमाच्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत १९० विकल्या गेल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात सभासदांना त्यांचे पैसे दिले.

पहिला फोन ११ जूनला कोपरखैरण्याहून आला. आमच्याच गावची सून. “दादा, झाकण फुगलंय. उघडलं तर फेस वर आला आणि आंबूस वास येतोय.” मी म्हणालो, गरम जागी ठेवला असेल. २४ जूनपर्यंत नऊ फोन झाले आणि मग ते कारण पुरेनासे झाले.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फुलातल्या मकरंदात पाणी पुष्कळ असते. कामकरी माशा पंखांनी वारा घालून ते उडवतात आणि मध पिकला की त्या घरावर मेणाचे झाकण घालतात. पेटीतल्या ज्या लाकडी चौकटीत पोळे बांधलेले असते तिच्यातली निदान तीन चतुर्थांश घरे बंद झाल्यावरच ती यंत्रात घालायची, हे प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. त्याआधी काढलेला मध कच्चा. त्यात पाणी जास्त राहते आणि मधात मुळातच असलेले किण्वक (यीस्ट) जागे होऊन तो आंबवतात. अन्नसुरक्षेच्या मानकात पाण्याची मर्यादा २० टक्के आहे. सातेरीचा मध घाटमाथ्याच्या दमट हवेत या रेषेच्या आसपासच फिरतो, म्हणजे आमच्याकडे चुकायला जागाच फार थोडी.

अध्यक्षांच्या पडवीतल्या उरलेल्या १४६ बाटल्या आम्ही एका दुपारी बाहेर काढल्या. ६१ बाटल्यांवर फेस होता. बाकीच्या ८५ डोळ्यांना चांगल्या दिसत होत्या. कऱ्हाडच्या ओळखीच्या एका मधपाळाकडून रिफ्रॅक्टोमीटर मागून आणले आणि एकेक थेंब तपासला. त्या ८५ पैकी ५२ बाटल्या २० टक्क्यांच्या वर निघाल्या. विकण्याजोग्या उरल्या ३३.

समोरचे पर्याय

२८ जूनला तातडीची सभा घेतली. बाहेर धो धो पाऊस, तरी २२ जण आले. बोलणे तीन तास चालले आणि त्यात जे मार्ग पुढे आले त्यांतला एकही मूर्खपणाचा नव्हता.

पहिला मार्ग, फोन करणाऱ्या नऊ जणांचे पैसे गुपचूप परत करायचे आणि गप्प बसायचे. खर्च २,७०० रुपये. सातआठ जण याच्या बाजूने होते. त्यांचे म्हणणे असे की ज्यांना काही वाटले नाही त्यांच्या मनात आपण होऊन शंका का घालायची? याला उत्तर संघातल्या एका वहिनींनी दिले. त्या म्हणाल्या, नऊ जणांनी फोन केला, म्हणजे नव्वद जणांनी बाटली मोरीत ओतली असेल आणि पुढल्या मेमध्ये ते टेबलाकडे फिरकणार नाहीत.

दुसरा मार्ग मध तापवण्याचा. तापवले की किण्वक मरतात हे खरे. पण आंबलेल्या मधाची चव परत येत नाही, आणि जास्त तापवले की त्यातला एचएमएफ नावाचा घटक वाढतो, ज्याची मर्यादा मानकात किलोला ८० मिलिग्रॅम आहे. घरच्या पातेल्यात ते तापमान सांभाळणे आमच्या हातात नव्हते.

तिसरा, आंबलेला मध माशांनाच परत खायला घालावा. पाऊस सुरू झालेला, पेट्यांना अन्न लागतेच, साखरेचा खर्च वाचेल. हा विचार वरवर शहाणा वाटत होता. आमचे आबा, खोऱ्यातले सर्वांत जुने मधपाळ, ताडकन उठले. आंबलेल्या अन्नाने माशांना हगवण लागते हे एक. दुसरे म्हणजे २९ घरांचा मिसळलेला मध २९ ठिकाणी परत गेला, तर एखाद्या पेटीतला रोग सगळ्या खोऱ्यात पोचेल. १९९१-९२ च्या सुमारास माशांच्या अळ्या मारणाऱ्या थाई सॅकब्रूडच्या विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतींचा कसा फडशा पाडला, हे त्यांनी प्रशिक्षणात ऐकले होते. तो विषय तिथेच मिटला. आबांचे त्या दिवशीचे हे बोलणे संघावर मोठे उपकार आहेत असे मी मानतो.

चौथा मार्ग एका व्यापाऱ्याचा. बातमी लागताच त्याचा निरोप आला होता की सगळा माल पडत्या भावात उचलतो. तो पुढे कुठे आणि कोणत्या नावाने जाईल हे त्याने सांगितले नाही आणि आम्हालाही विचारायचे धाडस नव्हते.

पाचवा, दोषी शोधून त्यांच्याकडून वसुली. यावर आवाज चढले. ज्यांनी नीट पिकलेला मध दिला होता त्यांचा राग खोटा नव्हता. सगळ्यांचा मध एकत्र झाल्याने नुकसानही सगळ्यांच्या वाट्याला येणार होते. विकलेल्या १९० आणि विकण्याजोग्या ३३, म्हणजे ३३६ पैकी २२३ बाटल्यांचेच पैसे होणार. शंभर रुपयांचा मध दिलेल्या माणसाला सहासष्ट रुपये, मग त्याचा मध कितीही चांगला असो.

काय ठरले, काय केले

१३ विरुद्ध ९ मतांनी ठरले की विकलेल्या सगळ्या बाटल्या जाहीरपणे परत मागवायच्या आणि परताव्याचा खर्च संघाच्या शिलकीतून करायचा. सभासदांकडून काही मागायचे नाही आणि कुणाचा मध कच्चा होता याचा तपासही करायचा नाही. बँकेत ४१ हजार होते. हिशेब तपासनीसांना विचारून परताव्याचा स्वतंत्र ठराव इतिवृत्तात घातला, म्हणजे वर्षअखेरीला ही रक्कम कशाची असा प्रश्न उरणार नाही.

अडचण अशी की बाटली कुणी नेली याची नोंद आमच्याकडे नव्हती. मदतीला आली गावांची मुंबई मंडळे. त्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर अध्यक्षांच्या नावाने निरोप टाकला. तो मी इथे जसाच्या तसा देतो, कारण त्याच्या शब्दांवर आम्ही एक संध्याकाळ घालवली होती:

“२० मेच्या कार्यक्रमात आपण घेतलेल्या मधात पाण्याचा अंश जास्त राहिला आहे. मध भेसळीचा नाही, पण आमच्या घाईमुळे तो कच्चा काढला गेला. बाटली उघडलेली असो वा नसो, ३०० रुपये परत मिळतील. बाटली परत आणायची गरज नाही, फोटो पुरे. चूक संघाची आहे.”

शेवटच्या वाक्याला दोघांचा विरोध होता. मला आजही ते वाक्य निरोपातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. मध आंबला म्हटल्यावर लोकांच्या डोक्यात पहिला शब्द येतो ‘साखर’, आणि ती शंका घेऊन माणूस एकदा गेला की परत आणता येत नाही.

महिन्याभरात १९० पैकी १२८ बाटल्यांचा पत्ता लागला. ७४ जणांना पैसे परत केले, २२,२०० रुपये. बाकीच्या ५४ घरांनी सांगितले की मध चांगला होता किंवा संपला. ६२ बाटल्या कुठे गेल्या ते कळले नाही. फेस आलेल्या ६१ बाटल्या माशांचा वावर नसलेल्या जागी खड्डा खणून ओतल्या आणि वर हातभर माती लोटली, नाहीतर खोऱ्यातल्या सगळ्या वसाहती तिथे गोळा झाल्या असत्या. ओल्या पण न आंबलेल्या ५२ बाटल्यांची लेबले काढून त्या सभासदांना घरी लवकर संपवण्यासाठी वाटल्या.

माझ्याकडून झालेली चूक

वसुली करायची नाही असे ठरले, तरी ‘कुणाचा होता’ हा प्रश्न कुणाच्या मनातून गेला नव्हता. नोंदवहीत जमा केल्याच्या तारखा होत्या. ८ आणि १२ मे रोजी वळवाचे दोन मोठे पाऊस झाले होते. शेवटच्या दोन दिवसांत, म्हणजे १५ आणि १६ मेला, सहा जणांनी मध आणला होता. पावसानंतर आणलेला मध ओला, असे सरळ गणित मी मांडले आणि त्या सहा जणांना चहाला बोलावले. रागावण्यासाठी नाही, फक्त विचारण्यासाठी. पण खोऱ्यात दुसऱ्या दिवशी बातमी फिरली की सचिवाने सहा जणांना बोलावले.

त्या सहांत तिघी एका बचत गटातल्या होत्या. पहिल्याच वर्षी पेट्या घेतलेल्या, प्रशिक्षण घेऊन आलेल्या, वही घालून काम करणाऱ्या. त्यांच्या पेट्या कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पल्याड. तिघींतली एक ताई शांतपणे म्हणाली, “माझं सामान लाँचनं येतं, दादा. लाँच जवा मिळंल तवा मी येनार. मध पातळ म्हनून उशीर न्हाय झाला.” मी ते ऐकले, मान हलवली, आणि त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही.

चमचाभर मध

ऑगस्टमध्ये त्याच तरुण सभासदाने, ज्याने मार्चमध्ये यंत्र मागितले होते, एक साधी गोष्ट सुचवली. प्रत्येकाच्या घरात त्याच काढणीतला थोडा तरी मध असतो. तो प्रत्येकाने चमचाभर आणावा, सहा जणांनी नाही, सगळ्यांनी. बरोबर एका चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहाव्यात: मध काढला कोणत्या तारखेला आणि तेव्हा चौकटीतली किती घरे बंद होती.

२९ पैकी २३ जणांकडे मध शिल्लक होता. सभामंडपात बसून सगळ्यांसमोर मोजणी केली. साखर धरलेला मध आधी कोमट पाण्यात बाटली ठेवून विरघळवला, नाहीतर आकडा नीट दिसत नाही. डब्यातला मध ढवळून मग थेंब घेतला, कारण ओला मध हलका असल्याने वर राहतो.

२३ पैकी १० नमुने २० टक्क्यांच्या वर निघाले. त्या दहांत शेवटी आलेल्या सहांपैकी फक्त दोघे होते. बचत गटातल्या दोघींचा मध १९ च्या आत. त्यांनी ४ आणि ५ मेलाच मध काढून ठेवला होता, पावसाच्या आधी, घरे पुरती बंद झाल्यावर. मग लाँच आणि पुढची जीप मिळेपर्यंत दहा दिवस डबा घरात. आमच्या वहीत जमा केल्याची तारीख होती, काढल्याची नव्हती, आणि मी एकीला दुसरी समजलो होतो.

तिसरी ताई, जिने लाँचचे सांगितले होते, तिच्या घरातला मध संपला होता. तिच्याबद्दल काहीच सिद्ध करता आले नाही, चांगलेही नाही. त्या दिवशी ती आली नव्हती.

दहांच्या चिठ्ठ्या वाचल्या तेव्हा सभामंडपात शांतता होती. आठ जणांनी लिहिले होते की निम्मी किंवा त्याहून कमी घरे बंद होती. काढणीची तारीख ९ ते १३ मे. कारण विचारले तर आठही जणांचे उत्तर एकच आले: १६ तारीख ठरली होती. पाऊस झाला, हवेत ओल आली, माशा मध पिकवायला वेळ लावणार हे त्यांना कळत होते. पण कार्यक्रमात मध गेला नाही तर वर्षाची विक्री गेली. एकाने तर सरळ लिहिले होते की पेटी बंद करताना मन खात होते.

मध कच्चा काढायला त्यांना संघानेच लावले होते. यान्शा यांच्या देशात २० मेला वसंत भरात असतो. आमच्याकडे त्याच दिवशी हिरड्याचा फुलोरा संपत आलेला असतो आणि पश्चिमेला ढग जमू लागलेले असतात. कार्यक्रमाची तारीख आम्ही बाहेरून घेतली आणि तिच्यामागे पेट्यांना धावायला लावले. आधीच्या दोन वर्षांत वळीव उशिरा झाला होता, म्हणून हे उघडे पडले नव्हते.

परिणाम

पुढच्या हंगामापासून कार्यक्रम आणि विक्री वेगळी केली. २० मे तसाच होतो, काचेची पेटी, पोरे, आबांचे बोलणे. टेबलावर मात्र बाटल्यांऐवजी नोंदवही असते. नाव, फोन, किती बाटल्या. मध पिकेल तेव्हा पिकेल, मुंबईला जाणाऱ्या गाडीने पोचवतो. पहिल्या वर्षी १६० बाटल्यांची नोंद झाली आणि प्रत्यक्षात १२१ गेल्या. सभामंडपात जी खरेदी उत्साहात व्हायची ती कमी झाली, हे मान्य करावे लागेल.

मध घेण्याची रीतही बदलली. सभासद समोर असताना दोघांनी मोजायचे. २० च्या वर असेल तर डबा परत, आणि वहीत नावाऐवजी सभासद क्रमांक. पाचसहा जणांचाच मध एका कॅनमध्ये, कॅनला क्रमांक, तोच बाटलीवर बॅच म्हणून. काढणीची तारीख आणि बंद घरांचा अंदाज लिहिल्याशिवाय मध घ्यायचा नाही. लेबलावर एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये ही ओळही त्याच वेळी घातली. ती पहिल्यापासून असायला हवी होती.

त्या वर्षी २४ जणांनी १३१ किलो मध जमा करण्यासाठी आणला, त्यातला २२ किलो परत गेला. दिवाळीपर्यंत एकही तक्रार आली नाही.

लाँचची गोष्ट सांगणारी ताई संघात परतली नाही. अध्यक्ष आणि मी तिच्या घरी गेलो, चुकलो म्हणालो. तिने चहा दिला, पेट्या दाखवल्या. उत्तम ठेवलेल्या आहेत. मध ती आता थेट ओळखीच्या लोकांना देते.

आज तीच वेळ आली तर

सगळ्यांचा चमचाभर मध पहिल्याच आठवड्यात मागवला असता तर सहा जणांवर बोट गेले नसते. तेव्हा तिसऱ्या ताईच्या घरातला मधही संपलेला नसता. तपासच करायचा नाही असे सभेत ठरले, तेव्हा आम्हाला तो मोठेपणा वाटला. पण तपास न केल्याने संशय थांबला नाही, तो ज्यांची बाजू मांडायला कुणी नव्हते त्यांच्याकडे सरकला. दोष कुणाला लावायचा हा प्रश्न आणि दोष कुठून आला हा प्रश्न, हे दोन वेगळे करून दुसरा लगेच हाती घ्यायला हवा होता.

पहिला फोन आला तेव्हा मी गरम जागेचे कारण दिले, तिथे तेरा दिवस गेले. त्याच दिवशी पडवीतल्या बाटल्या पाहिल्या असत्या तर बऱ्याच घरांत बाटली उघडायच्या आधी निरोप पोचला असता.

वसुली न करण्याचा निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन. पैसे परत मागितले असते तर ऑगस्टमध्ये त्या आठ चिठ्ठ्या खऱ्या लिहिल्या गेल्या नसत्या.

एक प्रश्न सुटलेला नाही. दहा ओल्या नमुन्यांपैकी उरलेले दोन वरच्या दाट रानातल्या सभासदांचे होते. त्यांनी पुरती बंद झालेली चौकट काढली होती, तरी आकडा २१ च्या पुढे होता. नव्या नियमात दरवर्षी त्यांचाच डबा परत जातो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांचा मध वेगळा जमवून पाण्याचा अंश कमी करण्याची सोय असलेल्या प्रक्रिया केंद्राकडे न्यायचा, आणि वाहतुकीचा खर्च सगळ्या संघाने उचलायचा, असा ठराव मी लिहून ठेवला आहे. मार्चच्या सभेत तो मंडपाच्या खर्चाच्या आधी घेतला जाईल.